लहानपणीचा ॲडव्हेंचर गेम पुन्हा खेळायचा असेल तर

१९९० साली आलेल्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या गेममध्ये स्कम बारच्या स्वयंपाकघरामागे एका लाकडी धक्क्यावर मासा पडलेला असतो. तो उचलायला जावे तर एक सीगल आडवा येतो आणि नायक गायब्रश थ्रीपवुड हात मागे घेतो. धक्क्याची एक फळी सैल आहे. तिच्यावर पाय दिला की दुसरीकडे हिसका बसून पक्षी उडतो, आणि हे काही वेळा केले की मासा उचलण्यापुरती उसंत मिळते. पुढे पूल अडवून बसलेल्या ट्रोल नावाच्या राक्षसाला हा मासा द्यायचा असतो, कारण त्याला हवी असते लक्ष वेधून घेणारी पण प्रत्यक्षात बिनमहत्त्वाची वस्तू. लहानपणी मी जवळच्या सगळ्या वस्तू एकेक करून त्याच्यापुढे धरल्या, त्यांतला मासा चालला आणि मी पूल ओलांडून पुढे गेलो. मासाच का चालला, हे मला मोठेपणी दुसऱ्यांदा खेळताना उमगले. तो मासा हेरिंग जातीचा होता आणि रंगाने लाल. आणि ‘रेड हेरिंग’ म्हणजे इंग्रजीत मूळ मुद्द्यावरून लक्ष उडवणारी फसवी खूण.

जुना गेम पुन्हा खेळण्यातली खरी गंमत अशा ठिकाणी असते. उत्तर आठवत असते, पण प्रश्न आत्ता कळतो. मात्र ही गंमत हाती लागण्याआधीच पुष्कळ जणांचा उत्साह मावळतो, कारण चुकीची आवृत्ती उतरवलेली असते, चित्र चपटे दिसते, संगीत वेगळेच वाजते आणि पहिल्या अर्ध्या तासात शेजारच्या खिडकीत संपूर्ण उत्तरांची यादी उघडली जाते. त्यामुळे हा लेख मुख्यतः तयारीविषयी आणि त्यानंतर अडकून राहण्याच्या कलेविषयी आहे. उदाहरणांसाठी मी बहुतेक ठिकाणी ‘मंकी आयलंड’च घेतो, तरी पद्धत त्या काळातील कोणत्याही पॉइंट-अँड-क्लिक (माउसने टिचकी मारून खेळायच्या) किंवा टाइप करून खेळायच्या गेमला लागू पडते.

आधी आवृत्ती ओळखावी

काहीही विकत घेण्यापूर्वी किंवा उतरवण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि आठवते ते सारे लिहून काढावे. आज्ञा टाइप कराव्या लागत होत्या की पडद्याच्या खालच्या भागात क्रियापदांची यादी होती? रंग मोजकेच आणि भडक होते की छटा भरपूर होत्या? पात्रे बोलत होती की डोक्यावर नुसती अक्षरे उमटत होती? फ्लॉपी बदलावी लागे का? या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून बरेच काही ठरते. उदाहरणार्थ, ‘किंग्ज क्वेस्ट’ मालिकेचा पहिला भाग १९८४ सालचा असून तो टाइप करून खेळायचा होता, तर १९९० सालच्या पाचव्या भागात टाइप करणे जाऊन चित्रखुणा आल्या. तेव्हा ‘किंग्ज क्वेस्ट’ एवढेच नाव आठवत असेल आणि टाइप केल्याचेही आठवत असेल, तर पाचवा भाग शोधण्यात अर्थ नाही. नावच आठवत नसेल तर मोबीगेम्ससारख्या गेमच्या ऑनलाइन सूचीत वर्ष आणि प्रकार निवडून पडद्याची छायाचित्रे पाहत जावीत. नावापेक्षा चित्र लवकर ओळखू येते, असा माझा अनुभव आहे.

गेम सापडला म्हणजे आवृत्ती सापडली असे नाही. ‘मंकी आयलंड’ आधी सोळा रंगांत आला, मग २५६ रंगांत, त्यानंतर १९९२ मध्ये सीडीवर, आणि २००९ मध्ये नव्याने रंगवलेल्या चित्रांसह व आवाजासह ‘स्पेशल एडिशन’ म्हणून. फ्लॉपीवरच्या आवृत्त्यांत बारा क्रियापदे होती आणि जवळच्या वस्तूंची नुसती नावे दिसत. सीडीच्या आवृत्तीत क्रियापदे नऊ झाली आणि वस्तूंची चित्रे दिसू लागली. फरक एवढाच नाही. फ्लॉपीच्या आवृत्तीत जंगलातला एक तोडलेला बुंधा तपासला की खाली भुयारे असल्याचे गायब्रश सांगतो आणि संगणक बाविसाव्या क्रमांकाची फ्लॉपी मागतो. अशी फ्लॉपी अस्तित्वातच नव्हती. तो विनोद होता. सीडी आल्यावर त्याला अर्थ उरला नाही म्हणून तो काढून टाकला गेला. ती फ्लॉपी शोधत घर पालथे घातल्याची आठवण ज्याला आहे, त्याने सीडीची आवृत्ती घेतली तर तो बुंध्याला टिचकी मारून मारून थकेल आणि आपल्याच स्मरणशक्तीवर संशय घेईल.

फाइली कोठून आणाव्यात

मूळ फ्लॉपी किंवा सीडी अजून जवळ असेल तर पहिले काम तिची प्रत काढण्याचे आहे, खेळण्याचे नव्हे. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह चालतो. फ्लॉपी आत सरकवण्यापूर्वी कोपऱ्यातील छोटी पट्टी सरकवून भोक उघडे करावे, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. वाचताना अडखळली तर पुन्हा पुन्हा जोर लावू नये, कारण खराब झालेला चुंबकीय थर ड्राइव्हच्या डोक्याला घासून आणखी निघतो. आधी बाकीच्या फ्लॉपी वाचून घ्याव्यात आणि ही शेवटी ठेवावी. सव्वापाच इंची फ्लॉपीला मात्र यूएसबीचा सरळ मार्ग नाही. त्यासाठी जुना ड्राइव्ह आणि तो आजच्या संगणकाला जोडणारे खास उपकरण लागते. सीडीच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते: त्या काळच्या पुष्कळ सीड्यांवर पहिला भाग माहितीचा आणि पुढचे भाग साध्या संगीताच्या सीडीसारखे असत. नुसत्या फाइली कॉपी केल्या तर गेम चालतो पण मुका राहतो, म्हणून संगीताचे ट्रॅक वेगळे उतरवून घ्यावे लागतात.

मूळ प्रत नसेल तर गेम आजही विकत मिळण्याची बरीच शक्यता असते. २००८ साली ‘गुड ओल्ड गेम्स’ या नावाने सुरू झालेले आणि आता जीओजी म्हणून ओळखले जाणारे दुकान याच कामासाठी निघाले. ‘ॲबँडनवेअर’ या गोंडस नावाखाली फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रतींबद्दल एवढेच सांगतो की कायद्यात अशी कोणतीही वर्गवारी नाही. मालकाने विकणे थांबवले म्हणून हक्क संपत नाही. शिवाय त्या प्रती कोणीतरी कापून-जोडून ठेवलेल्या असतात आणि त्यांतल्या त्रुटी नेमक्या शेवटच्या प्रकरणात डोके वर काढतात.

काही गेम मात्र खुद्द हक्कधारकांनीच मोकळे केले आहेत. १९९४ सालचा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ २००३ पासून विनामूल्य मिळतो. ‘फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन’ही तसाच. पुढे सांगितलेली सगळी मांडणी आधी यांपैकी एकावर करून पाहावी असा माझा आग्रह आहे. पैसे जात नाहीत, आणि आवाज किंवा चित्र बिघडले तर आपल्या लाडक्या गेमची पहिली भेट वाया जात नाही.

स्कमव्हीएम

‘मंकी आयलंड’ ज्या यंत्रणेवर चालत असे तिचे नाव स्कम. १९८७ सालच्या ‘मॅनियाक मॅन्शन’साठी लुकासफिल्म गेम्स कंपनीत ती तयार झाली आणि पुढे त्याच कंपनीचे कितीतरी गेम तिच्यावर उभे राहिले. २००१ मध्ये सुरू झालेला स्कमव्हीएम हा मुक्त प्रकल्प तिच्याच नावावरून ओळखला जातो, पण आज तो सिएरा, रेव्होल्यूशन, सायन अशा इतर अनेक कंपन्यांचे गेमही चालवतो. तो जुन्या संगणकाची नक्कल करत नाही. गेमची चित्रे, संवाद आणि पटकथा ज्या फाइलींत आहेत त्या तो स्वतः वाचतो आणि मूळ प्रोग्रामचे काम आपल्या अंगावर घेतो. त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स आणि फोन यांवर तोच गेम सारखाच चालतो आणि वेगवान प्रोसेसरमुळे होणाऱ्या बऱ्याच गडबडी टळतात. या गडबडी काल्पनिक नाहीत. १९९८ सालच्या ‘ग्रिम फँडँगो’मध्ये लिफ्ट आणि फोर्कलिफ्टचे एक कोडे आहे, नंतरच्या वेगवान संगणकांवर लिफ्ट इतक्या झपाट्याने सरकत असे की ते कोडे सोडवणे जवळजवळ अशक्य होई.

मांडणी सोपी आहे. प्रत्येक गेमसाठी स्वतंत्र फोल्डर करावा आणि त्यात माहितीच्या फाइली टाकाव्यात. सीडीच्या ‘मंकी आयलंड’ला ‘मंकी.०००’ आणि ‘मंकी.००१’ या दोन फाइली पुरतात, आणि संगीताचे उतरवलेले ट्रॅक त्याच फोल्डरात ठेवायचे असतात. मग स्कमव्हीएम उघडून गेम जोडण्याचे बटण दाबावे आणि तो फोल्डर दाखवावा. प्रोग्राम फाइली तपासून आवृत्ती ओळखतो आणि नावापुढे ती लिहितो. हे नाव नीट वाचावे, कारण आपण आधी कागदावर लिहिलेली आवृत्ती आणि ही आवृत्ती एकच आहे ना, याची खात्री इथेच होते.

एक सूचना माझ्या नुकसानीतून आलेली आहे. सेव्ह केलेले खेळ स्कमव्हीएम गेमच्या फोल्डरात ठेवत नाही. विंडोजवर ते वापरकर्त्याच्या खात्यातील, सहसा न दिसणाऱ्या एका फोल्डरात जातात. मी संगणक पुसून नव्याने मांडताना गेमचा फोल्डर जपून बाजूला ठेवला आणि निर्धास्त झालो. गेमच्या दुसऱ्या प्रकरणात जहाजावर पोहोचलेला गायब्रश त्या दिवशी पुन्हा पहिल्या बेटावर जाऊन उभा राहिला. पर्यायांमध्ये सेव्ह ठेवण्याची जागा बदलता येते. ती पहिल्याच दिवशी गेमशेजारी करून ठेवावी.

कळींपैकी लक्षात ठेवण्याजोग्या मोजक्याच आहेत. एफ ५ ने गेमचा सेव्हचा पडदा येतो, कंट्रोल आणि एफ ५ ने स्कमव्हीएमचा स्वतःचा, एस्केपने मधले दृश्य वगळता येते, आणि पूर्णविरामाच्या कळीने चालू वाक्य पुढे ढकलता येते. शेवटची कळ जपून वापरावी. या गेममधले निम्मे संकेत संवादात लपलेले असतात.

जो गेम स्कमव्हीएम चालवत नाही, त्याच्यासाठी डॉसबॉक्स आहे. तो मात्र खरोखरच जुन्या संगणकाची नक्कल करतो, म्हणून वेग हाताने जुळवावा लागतो: कंट्रोल आणि एफ ११ ने वेग कमी होतो, कंट्रोल आणि एफ १२ ने वाढतो. पात्र वाऱ्यासारखे पळू लागले किंवा संगीत अडखळू लागले तर गेम खराब आहे असे समजण्यापूर्वी या दोन कळा वापरून पाहाव्यात.

चित्र चपटे का दिसते

या पायरीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि मग ‘तेव्हा फारच छान वाटायचे, आता काही मजा नाही’ असे म्हणतात. त्या काळातील बहुतेक गेमचे चित्र आडवे ३२० आणि उभे २०० ठिपक्यांचे असे. हे प्रमाण आठास पाच आहे. पडदा मात्र चारास तीन या प्रमाणाचा होता आणि चित्र तो पूर्ण भरत असे, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच दिसत होता. चित्रकारांनी त्या उंच ठिपक्यांवर नजर ठेवून चेहरे काढले. आजच्या पडद्यावर ठिपके चौरस असतात. तेच चित्र जसेच्या तसे दाखवले की माणसे बुटकी, चंद्र लंबगोल आणि दारे बसकी दिसतात.

स्कमव्हीएमच्या चित्रविषयक पर्यायांत गुणोत्तर सुधारण्याची खूण असते. ती केली की हे दुरुस्त होते. पण ठिपके एकसारखे दिसायला हवेत तर थोडे गणितही करावे. आडवे पाच पट आणि उभे सहा पट केले की १६०० बाय १२०० चे चित्र तयार होते. एकही ठिपका अर्धवट राहत नाही आणि प्रमाण नेमके चारास तीन येते. पडद्याची उंची १४४० ठिपके असेल तर हे चित्र भोवती काळी चौकट सोडून आरामात बसते. उंची १०८० असेल तर सहा पट मावत नाही. मग चित्र १४४० बाय १०८० करावे लागते, उभे प्रमाण ५.४ येते आणि काही ओळी इतरांपेक्षा किंचित जाड दिसतात. ते खटकत असेल तर हलकासा मऊपणा आणणारा फिल्टर चालतो. चित्र ताणून रुंद पडदा भरण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्यात सगळेच फुगते.

सोळा रंगांच्या आवृत्तीची गोष्ट आणखी वेगळी आहे. मार्क फेरारी यांनी ‘लूम’ आणि ‘मंकी आयलंड’साठी जी पार्श्वचित्रे काढली, त्यांत दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून मांडून तिसऱ्या रंगाचा भास केला होता. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळत आणि रात्रीच्या आकाशाला मखमली छटा येई. आजच्या स्वच्छ पडद्यावर तेच आकाश बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते. जुन्या पडद्याची नक्कल करणारे शेडर, म्हणजे चित्रावर चढवायचे परिणाम, स्कमव्हीएमच्या नव्या आवृत्त्यांत वापरता येतात. मला एरवी असले कृत्रिम जुनेपण आवडत नाही, पण सोळा रंगांसाठी मी ते बिनदिक्कत लावतो.

आवाज

कोणता आवाज खरा, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या त्याच्या लहानपणात असते. त्याच धुनी संगणकातील साध्या स्पीकरमधून किरकिऱ्या येत, ॲडलिब किंवा साउंड ब्लास्टरच्या ध्वनिकार्डातून धातूसारख्या झंकारत, आणि रोलंडच्या एमटी-३२ या महागड्या यंत्रातून जवळजवळ वाद्यवृंदासारख्या वाजत. बऱ्याच मार्गदर्शिका एमटी-३२ च सर्वोत्तम म्हणून लावायला सांगतात, आणि कानांना ती बरी वाटते हे खरे आहे. पण तिची नक्कल करायला मूळ यंत्रातील रॉमच्या, म्हणजे त्यात कायमच्या साठवलेल्या माहितीच्या, फाइली लागतात. त्या स्कमव्हीएमसोबत येत नाहीत आणि त्यांच्यावर निर्मात्याचा हक्क आहे. ॲडलिबची नक्कल मात्र काहीही न जोडता चालते. ‘मंकी आयलंड’चे संगीतकार मायकेल लँड यांची सुरुवातीची धून मी प्रथम ॲडलिबवर ऐकली होती, त्यामुळे वाद्यवृंदाचे रूप मला परक्याच्या घरात शिरल्यासारखे वाटते. संगीताचे साधन बदलून तीच धून दोन-तीनदा ऐकावी. योग्य पर्याय लागला की तो लगेच कळतो.

खेळायला बसताना

जवळ वही आणि पेन्सिल असावी. हे स्मरणरंजन नाही. हे गेम वहीशिवाय खेळता येतील असे बनवलेच नव्हते. गायब्रशला समुद्री चाचा होण्यासाठी तीन परीक्षा द्याव्या लागतात: तलवारबाजी, चोरी आणि खजिन्याचा शोध. तलवारबाजीत पाते फिरवण्यापेक्षा अपमानाला चोख उत्तर देणे महत्त्वाचे असते, आणि ही उत्तरे बेटावर भटकणाऱ्या इतर चाच्यांकडून हरता हरता शिकायची असतात. वहीच्या एका पानावर दोन रकाने करावेत, डावीकडे अपमान आणि उजवीकडे त्याचे उत्तर. शेवटी तलवारबाजीतील उस्ताद असलेली कार्ला समोर येते तेव्हा ती आपण कधी न ऐकलेले अपमान फेकते, पण उत्तरे जुनीच लागू पडतात. म्हणून पाठांतरापेक्षा उजवा रकाना अर्थासह समजून घेणे कामी येते. कार्लाच्या घरी जाण्याची वाट जंगलातून दुकानदाराच्या मागोमाग जाऊन शोधायची असते. तो कोणत्या वळणावर कोठे वळला हे लिहिले नाही तर पुन्हा दुकानात जाऊन त्याला बाहेर काढावे लागते.

मूळ गेमसोबत आलेली कागदपत्रेही मिळवावीत. नकली प्रती रोखण्यासाठी ‘मंकी आयलंड’सोबत चाच्यांच्या चेहऱ्यांची एक फिरती चकती येत असे; वरचा आणि खालचा अर्धा चेहरा जुळवून चकतीवरचे साल गेमला सांगावे लागे. स्कमव्हीएम ही तपासणी आपण होऊन वगळतो. इतर काही गेममध्ये मात्र कोड्याचा धागाच पुस्तिकेत छापलेला असतो. विकत घेतलेल्या डिजिटल प्रतीसोबत ही पुस्तिका बहुधा वेगळी उतरवून घ्यायला ठेवलेली असते. ती न पाहताच पुष्कळ जण अडकतात.

सेव्ह आणि मरण

इथे कोणत्या घराण्याचा गेम आहे हे पाहावे लागते. ‘मंकी आयलंड’चे कर्ते रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ मध्ये एका लेखात खेळाडूला विनाकारण मारणाऱ्या आणि परत फिरण्याची वाट बंद करणाऱ्या गेमवर कडाडून टीका केली होती, आणि त्यांचा स्वतःचा गेम त्या विचाराप्रमाणेच चालतो. गायब्रश दहा मिनिटे श्वास रोखू शकतो अशी तो बढाई मारतो. पाण्याखाली त्याला खरोखर दहा मिनिटे तसेच सोडले तरच तो बुडतो. लहानपणी कोणी हे पाहिले नसेल तर आता चहा करून परत यावे.

सिएराच्या गेममध्ये मात्र मरण पावलोपावली असते, आणि त्याहून वाईट म्हणजे मेलो हे तासाभराने कळते. ‘किंग्ज क्वेस्ट’च्या पाचव्या भागात एक मांजर उंदराच्या मागे धावताना क्षणभर दिसते. त्या क्षणी मांजरावर काही फेकून उंदराला वाचवले नाही, तर पुढे तळघरात बांधून ठेवले जाते तेव्हा दोर कुरतडायला कोणीच येत नाही आणि खेळ तिथेच संपतो. अशा गेमसाठी नियम एकच: सेव्ह कधी पुसायचा नाही. प्रत्येक नव्या ठिकाणी नवी जागा वापरावी, नावात ठिकाण आणि नुकतीच मिळालेली वस्तू लिहावी, आणि कितीही सेव्ह झाले तरी जुने तसेच ठेवावेत.

अडकल्यावर

लहानपणी हे गेम आठवडेच्या आठवडे चालत, कारण आपण त्यांतला बहुतेक वेळ अडकलेलो असायचो. गेम बंद असतानाही कोडे डोक्यात फिरत राहायचे, आणि उत्तर भलत्याच वेळी सुचायचे. आज उत्तर शोधायला काही सेकंद लागतात. म्हणून उत्तर बघायचेच नाही असा कडक नियम करण्यापेक्षा बघण्याच्या पायऱ्या ठरवाव्यात.

पहिली पायरी म्हणजे जिथे जिथे जाता येते ती सगळी ठिकाणे वहीत लिहून प्रत्येकापुढे तिथे न सुटलेली गोष्ट लिहायची. निम्म्या वेळा याच वेळी ध्यानात येते की एका खोलीत आपण पुन्हा गेलोच नाही. दुसरी पायरी म्हणजे जवळच्या प्रत्येक वस्तूकडे पुन्हा ‘बघा’ ही आज्ञा वापरणे, कारण वर्णनात एखादा शब्द निसटलेला असतो. त्यानंतर गेम बंद करून एक रात्र जाऊ द्यावी. ही पायरी सगळ्यांत परिणामकारक आहे आणि सगळ्यांत जास्त वगळली जाते.

त्यानंतरही काही सुचले नाही तर सूचना टप्प्याटप्प्याने देणारे साधन वापरावे. ही कल्पना जुनीच आहे: टाइप करून खेळायच्या गेमसाठी प्रसिद्ध असलेली इन्फोकॉम कंपनी अदृश्य शाईत छापलेल्या सूचनांच्या पुस्तिका विकत असे, आणि सोबतच्या पेनाने घासावी तेवढीच ओळ दिसत असे. १९८८ पासून चालत आलेली युनिव्हर्सल हिंट सिस्टिम याच रीतीने एकेक इशारा उघडते. ‘मंकी आयलंड’च्या स्पेशल एडिशनमध्येही अशी मदत आत बसवलेली आहे. सलग लिहिलेले संपूर्ण उत्तर शेवटीच उघडावे, आणि उघडल्यास फक्त त्या कोड्याचा परिच्छेद वाचून लगेच बंद करावे. पुढच्या दोन ओळींवर नजर गेली की पुढची दोन कोडीही गेली.

काही कोडी मात्र न सुटणे हा आपला दोष नसतो. ‘मंकी आयलंड’च्या १९९१ सालच्या दुसऱ्या भागात धबधब्याचा पंप बंद करण्यासाठी एका माकडाचा पान्हा म्हणून उपयोग करावा लागतो, कारण इंग्रजीत एका प्रकारच्या पान्ह्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात. हा शब्द ठाऊक नसेल तर कितीही तर्क केला तरी उत्तर मिळत नाही. ज्या इंग्रजी भाषकांच्या बोलीत पान्ह्याला दुसरा शब्द आहे तेही इथे अडकले. अर्धवट इंग्रजीच्या जोरावर गेम खेळलेल्या आपल्यासारख्यांनी अशा ठिकाणी दोन दिवस घालवले असतील तर त्याचे वाईट वाटून घेऊ नये. आता खेळताना मात्र दुहेरी अर्थाचा संशय आला की शब्दकोश उघडावा. शब्दकोश पाहणे ही मी फसवणूक मानत नाही.

नवी रूपे कधी पाहावीत

माझे मत असे की आधी मूळ रूप पूर्ण खेळावे आणि मग नवे. स्पेशल एडिशनमध्ये एफ १० दाबले की नवे चित्र जाऊन जुने येते, आणि पुन्हा दाबले की नवे. ही कळ खेळून झाल्यावर प्रत्येक खोलीत दाबून पाहण्यात वेगळीच मजा आहे, पण खेळताना सतत दाबत राहिले तर मन कोणत्याच चित्रात रमत नाही. पहिल्या भागाच्या या आवृत्तीत जुन्या चित्रांसोबत पात्रांचे आवाज ऐकू येत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. ती सोय २०१० सालच्या दुसऱ्या भागाच्या आवृत्तीत झाली.

ज्यांना सगळी उत्तरे अजूनही तोंडपाठ आहेत, त्यांच्यासाठी काही गेममध्ये दुसरी वाट आधीच ठेवलेली आहे. १९९२ सालचा ‘इंडियाना जोन्स अँड द फेट ऑफ अटलांटिस’ मधल्या टप्प्यात तीन मार्गांत फुटतो: सहकारी सोफियाला बरोबर घेऊन, डोके चालवून किंवा मुठी चालवून. लहानपणी जो मार्ग घेतला नाही तो घेतला की ओळखीच्या गेममध्ये बरीच अनोळखी कोडी सापडतात. ‘मॅनियाक मॅन्शन’मध्ये नायक डेव्हसोबत कोणते दोघे निवडले त्यावर उत्तरे बदलतात. आणि १९९३ सालच्या ‘मिस्ट’चे जे नवे रूप २०२० पासून मिळते, त्यात कोड्यांची उत्तरे दर वेळी बदलण्याचा पर्याय आहे, वर्षानुवर्षे डोक्यात राहिलेले आकडे तिथे उपयोगी पडत नाहीत.

खेळ संपल्यावर गेमच्या फाइली, वापरलेल्या स्कमव्हीएमची आवृत्ती, सेव्हचा फोल्डर, पुस्तिका आणि वहीच्या पानांची छायाचित्रे एकाच जागी ठेवून त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. सेव्हपैकी एकाला मी ‘धक्का, मासा अजून पडलेला’ असे नाव देऊन ठेवले आहे. शेजारी कोणी नवखा येऊन बसला की त्याच्या हातात माउस देतो आणि फळीबद्दल काही बोलत नाही.